घरात रातकिडा शिरलाय, चार रात्री झोप नाही, उपाय सांगा

झोपमोड_धायरी:
मंडळी, रडगाणं आहे पण वाचा. आम्ही तळमजल्यावर राहतो, मागे मोकळा प्लॉट आहे आणि तिथे कमरेएवढं गवत माजलंय. पाऊस सुरू झाला की बाहेर किर्र चालूच असतं, त्याबद्दल तक्रार नाही, उलट त्याच्यावर झोप छान लागते. पण गेल्या चार रात्री त्यातलेच एक साहेब स्वयंपाकघरात मुक्कामाला आलेत. साडेअकराला दिवे घालवले की सुरू, मी उठून दारापर्यंत गेलो की चिडीचूप, परत येऊन आडवा झालो की पुन्हा पहिल्यापासून. सिलिंडर हलवला, ट्रॉल्या काढून बघितल्या, झुरळांचा स्प्रे अर्धा डबा संपवला, त्याने आम्हीच खोकत बसलो, तो ठणठणीत. बायको म्हणते माळ्यावर आहे, मुलगी म्हणते सिंकखाली आणि बाबा (वय ७४) म्हणतात कसला आवाज, मला तर काही ऐकू येत नाही, तुम्हा लोकांना भास होतायत. काय करू?

माडाखाली:
एका रातकिड्यासाठी धागा काढलात, धन्य आहे 😄 आमच्याकडे पावसाळ्यात पडवीत हे बिऱ्हाड करूनच असतात, कोण लक्ष देतो. पण अगदीच असह्य होत असेल तर आजीचा उपाय सांगतो. काचेच्या बरणीत दोन बोटं गूळपाणी घ्यायचं, बरणीला बाहेरून जुनं फडकं गुंडाळायचं म्हणजे त्याला वर चढता येतं, आत पडला की काच गुळगुळीत, बाहेर यायला जमत नाही. बरणी भिंतीला चिकटवून ठेवा, हे लोक खोलीच्या मधून नाही, कडेकडेने फिरतात. मुंग्या लागतील, त्याला इलाज नाही.

कीटकवेडी:
दादा, आधी स्प्रे बंद करा. तो फटीत बसलाय, तिथे स्प्रे पोचत नाही आणि तो सगळा तुमच्या ओट्यावर बसतो.

ओरडतो तो नर, मादी गप्प असते. तोंडाने नाही ओरडत, पुढचे दोन पंख एकमेकांवर घासतो, आणि त्याचे कान पुढच्या पायांत असतात, गुडघ्याच्या जरा खाली. शिवाय जमिनीची थरथर त्याला लगेच कळते, म्हणून तुम्ही चार पावलं टाकलीत की गप्प. बाबांना वेड्यात काढू नका, त्यांचं बरोबर आहे, हा आवाज साधारण चार ते सात हजार हर्ट्झचा असतो आणि वयाप्रमाणे उंच पट्टीचं ऐकणंच आधी कमी होतं. अशा एकसुरी आवाजाची दिशाही पटकन कळत नाही, म्हणून घरात तीन माणसांची तीन मतं.

शोधायचं असेल तर दोघं जण लागतात. खोलीच्या दोन कोपऱ्यांत अनवाणी उभं राहायचं, अंधार करून दहा मिनिटं हलायचं नाही, सुरू झाला की दोघांनी आपल्याला वाटेल त्या दिशेला हात धरायचा, जिथे दोन रेषा मिळतील तिथे शोधा. टॉर्चवर लाल जिलेटिन लावा, लाल उजेड किड्यांना फारसा दिसत नाही. अजून एक, गरम हवेत रातकिडे भराभर ओरडतात, अमेरिकेत डॉल्बेअर नावाच्या माणसाने १८९७ मध्ये त्यावरून तापमान काढायचं सूत्रच दिलं होतं. तुमचा पाहुणा बाहेरच्या त्याच जातीच्या भावंडांपेक्षा जलद लावत असेल तर उबेला बसलाय समजा.

सोलापूरकरीण:
चावत नाहीत, विषारी नाहीत, हे सगळं खरं, पण कपड्यांचं बघा हो. आमच्या सासूबाईंची खळ केलेली सुती साडी खालच्या कप्प्यात होती, तिला अशी वेडीवाकडी भोकं पाडली की पदर गेलाच. खळ, घामाचे डाग, सांडलेलं अन्न, असलं काही लागलेलं कापड त्यांना आवडतं. रद्दीसुद्धा कुरतडतात. कोणी बोरिक पावडर सांगेल, पण घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर नको.

झोपमोड_धायरी:
सापडला!!! काल रात्री मी आणि मुलगी भुतासारखे दोन कोपऱ्यांत उभे, बायको बाहेरून हसतेय. पहिल्यांदा माझा हात ओट्याकडे, तिचा फ्रिजकडे. दुसऱ्यांदा दोघांचेही फ्रिजकडे. फ्रिजच्या मागे खाली तो पाणी साठायचा ट्रे असतो ना, कॉम्प्रेसरच्या वर, तिथे. ऊब आहे, पाणी आहे, खाली पोळीचे तुकडे आहेत (याबद्दल घरात वेगळी चर्चा झाली). पेंढ्याच्या रंगाचा, अंगावर काळपट आडवे पट्टे, पंख अर्ध्या पाठीपर्यंतच. मी पटकन चिमटीत धरायला गेलो तर मागचा एक पाय माझ्या बोटांत राहिला आणि साहेब पुढे. शेवटी स्टीलचा पेला पालथा घातला, खालून लग्नपत्रिका सरकवली आणि प्लॉटवर नेऊन सोडला. पायाचं मात्र वाईट वाटतंय.

कीटकवेडी:
वाईट वाटून घेऊ नका, जिवावर बेतलं की तो पाय स्वतःच सोडून देतात. उडी कमी पडेल, गाणं पंखांचं आहे त्यामुळे त्याला धक्का नाही. आता आत कुठून आला ते बघा, नाहीतर आठवड्यात दुसरा येईल. ड्राय बाल्कनीच्या दाराखाली फट असेलच. तिथे रात्री पांढरी ट्यूब चालू ठेवत असाल तर पिवळा दिवा लावा. आणि कुंड्या घराच्या आत असतील तर बाहेर काढा, माद्या ओल्या मातीत अंडी घालतात.

झोपमोड_धायरी:
फट आहे, करंगळी जाते. तिथे लावायला काय मिळतं?

माडाखाली:
हार्डवेअरवाल्याकडे दाराखालची रबरी पट्टी मागा. जाताना दाराची रुंदी मोजून न्या, मी अंदाजाने आणली आणि दोन इंच कमी पडली.