अचानक मृत्यू झाला की लशीचं नाव, कोविडचं का नाही?

खडीसाखर
चाळिशीतलं कुणी अचानक गेलं की दहाव्याच्या आत निदान पक्कं होतं, 'लस नडली'. ज्या आजाराने २०२१च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनसाठी वणवण करायला लावली, त्याच्यावर मात्र कुणाचा संशय नाही. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, तो नोव्हेंबर २०२३मध्ये आला. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. घरात पूर्वी असा मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांतली बेसुमार दारू किंवा जबर व्यायाम यांनी वाढला, आणि पूर्वी कोविडसाठी अॅडमिट झालेल्यांतही वाढला. हे शेवटचं कुणी फॉरवर्ड करत नाही.

जुनाजाणता
पुरे की आता! डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, ५ मे २०२३ला कोविडची आणीबाणी उठवली. देशात बहुतेक सगळ्यांना कोविड होऊन गेलाय, त्यामुळे कुठलंही दुखणं काढा, त्याच्या आधी कोविड सापडणारच. उद्या माझ्या गुडघ्याचं खापरही त्याच्यावर फोडाल. वजन, साखर, रात्री दोनपर्यंत मोबाइल, यांचं काय?

खडीसाखर
म्हणूनच कोविड झालेले आणि न झालेले शेजारी ठेवून बघावं लागतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नोंदींवर ते झालं, २०२२ साली. कोविड झालेले दीड लाखांवर होते. पुढच्या वर्षभरात त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात जास्त निघाले, घरीच बरे झालेल्यांतसुद्धा.

जुनाजाणता
म्हणजे बहुतांश वयस्कर गोरे पुरुष. आमच्या नाशिकच्या पस्तिशीतल्या पोराला ते कसं लावणार?

बिनधास्त_बंड्या
आणि लसवाल्या अॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या कोर्टात कबुली दिली ते? आपली कोविशिल्ड तीच ना?

खडीसाखर
तीच. कबुली कशाची, तर फार क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घटतात याची. तेही सहसा डोसनंतरच्या काही आठवड्यांत. तीन वर्षांनी जिममध्ये आलेला अटॅक त्यात बसत नाही.

शाळेतली_बाई
तुमचं हार्ट अटॅकवरच चाललंय, आमच्यासारख्या जिवंत माणसांचं काय? मला २०२१मध्ये चार दिवस ताप होता, घरीच बरी झाले. तेव्हापासून जरा जास्त काम झालं की त्या दिवशी निभतं, दुसऱ्या दिवशी उठवत नाही. रिपोर्ट सगळे नॉर्मल. सासूबाई म्हणतात मनाचं आहे. योगाच्या सरांनी 'रेटा, ताकद येईल' म्हणून रेटायला लावलं, तर आठवडाभर अंथरुणात. चिकनगुनियानंतर सहा महिने सांधे धरले तर कुणी मनाचं म्हणत नाही.

दवाखानेवाला
जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून दोन्ही बाजूंना चार शब्द. थकवा म्हणून आलेल्याचं आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ बघायचं. सगळं कोविडवर ढकललं तर एखादा टीबी हातचा सुटेल. कोविडनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाला 'लाँग कोविड' म्हणतात, त्याची डब्ल्यूएचओची व्याख्याही तेच सांगते: संसर्गानंतर तीन महिन्यांनी त्रास असावा, किमान दोन महिने टिकलेला असावा, दुसरं कारण सापडू नये. पण बाई, 'नॉर्मल रिपोर्ट' म्हणजे 'काही नाही' असं नव्हे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयाने कोविडमधून उठलेल्या २०७ जणांची फुप्फुसं तपासली. जवळपास ४४ टक्के लोकांत फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता कमी भरली. त्याची तपासणी वेगळी असते, साध्या एक्स-रेवर ते कळेलच असं नाही. आणि दुसऱ्या दिवशी कोसळणाऱ्याला रेटायला लावू नये.

जुनाजाणता
ठीक, पण नाव देऊन उपयोग काय? गोळी आहे का त्यावर?

शाळेतली_बाई
गोळी नाही हो दादा. पण नाव वेळेत कळलं असतं तर त्या रेटारेटीतून वाचले असते. आणि रजेच्या अर्जात दरवेळी 'अशक्तपणा' लिहून हेडसरांचं हसू बघावं लागलं नसतं.

जुनाजाणता
रजेचं पटलं. अटॅकचं अजून नाही.