मदत हवी आहे: भावाची नडगी दुखतेय आणि ट्रेनिंगला थोडेच दिवस उरलेत

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सैन्यात भरती झालाय. मेडिकल पार पडलं, पुढच्या महिन्यात ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचंय. निवड झाल्यापासून तो दुप्पट पळतोय. पहाटे डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून १.६ किलोमीटर जीव तोडून, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. आता उजवी नडगी दुखतेय. आधी पळून झाल्यावर दुखायची, हल्ली जिना उतरतानाही कठडा धरतो. घरात सांगू नको म्हणून मला शपथ घातलीय आणि दप्तरात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी ठेवलीय. "तिथे गेलो की सवय होईल," एवढंच म्हणतो.

मला दोन गोष्टी कळत नाहीयेत. हे दुखणं साधं आहे की हाडाचं, हे कसं ओळखायचं? आणि तिथे त्यानं पाय दुखतोय असं सांगितलं, तर खरंच घरी पाठवतात का? त्याला तीच एक भीती आहे. ज्यांनी ट्रेनिंग केलंय किंवा दिलंय त्यांनी कृपया सांगा. तिथला दिवस नेमका कसा असतो हेही लिहा, म्हणजे त्याच्याशी बोलताना मला काहीतरी आधार राहील.

निवृत्त हवालदार:
ताई, मी रिक्रूटांना पीटी आणि ड्रिल शिकवलंय, म्हणून आधी दिवसाचंच सांगतो. बाहेरच्या मुलांना वाटतं की सकाळची पीटी झाली की पायांचं काम संपलं. तसं नसतं. उजाडायच्या आत उठायचं, दाढी, बिछान्याची घडी, फॉलइन म्हणजे रांगेत हजेरीला उभं राहणं. मग पीटी. नाश्ता झाला की ड्रिल, त्यानंतर हत्याराचा क्लास, दुपारनंतर खेळ किंवा श्रमदान, संध्याकाळी रोल कॉल. आणि या सगळ्याच्या मधे एका जागेवरून दुसरीकडे जायचं ते दौडतच. रात्री बूट पॉलिश नि कपड्यांची तयारी करून पोरं पडतात ती ओंडक्यासारखी. म्हणजे पायाला खरी विश्रांती फक्त झोपेत. घरून दुखरा पाय घेऊन आलेल्या मुलाला तिथे तो बरा करायला वेळच मिळत नाही. सवय होईल ही आशा म्हणून खोटी आहे.

ड्रिलचं एक मुद्दाम सांगतो. नवीन पोरं आवाज यावा म्हणून टाच आपटतात. त्याची कळ थेट नडगीत जाते. पूर्ण तळवा एकदम पडला पाहिजे, गुडघा ताठ ठेवून धक्का घ्यायचा नाही. उस्ताद हे शिकवतात, पण घाबरलेलं पोर ऐकत नाही.

घरी पाठवण्याचं म्हणाल, तर वेळेवर एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेला म्हणून माझ्या हाताखालचा एकही मुलगा घरी गेला नाही. डॉक्टर तपासतात, काही दिवस पळणं आणि ड्रिल बंद ठेवतात. फार दिवस बुडाले तर मागच्या बॅचमध्ये टाकतात, त्याला रेलिगेट होणं म्हणतात. पोरांना ते फार लागतं, बरोबरचे मित्र पुढे जातात ना. पण तीच मुलं नंतर कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग पुरं झाल्यावरच्या शपथेच्या परेडला, उभी राहिलेली मी पाहिलीत. ज्यांनी लपवलं, त्यांचे पाय प्लास्टरमध्ये गेलेलेही पाहिलेत.

फिजिओथेरपिस्ट:
ओळखण्याबद्दल मी लिहिते. नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवा. चार-पाच बोटांच्या लांबीत सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे अति पळण्यानं नडगीच्या कडेला येणारं दुखणं. एकाच ठिकाणी बोटाचं टोक टेकवल्यावर तो दचकत असेल, चालतानाही दुखत असेल, रात्री ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा, म्हणजे सततच्या भारानं हाडाला गेलेल्या बारीक चिरेचा, संशय घ्यायचा. तुम्ही लिहिलेला जिना वाचून मला काळजी वाटली. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते.

हे का होतं तेही त्याला सांगा. भार वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात हाड कमकुवत असतं आणि नेमकं तेव्हाच मुलं सर्वांत जास्त पळतात. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी १८५५ मध्येच सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन केलं होतं. त्यालाच पुढे मार्च फ्रॅक्चर म्हणू लागले. दणकट, तरुण माणसांचंच हे दुखणं आहे.

गोळ्या मात्र काढून घ्या. त्या हाड जोडत नाहीत, फक्त दुखणं झाकतात, आणि दुखणं झाकलं की तो पळणार. डॉक्टर सांगेपर्यंत पळणं पूर्ण बंद. दम टिकवायचा तर पोहणं चालेल, न दुखता जमत असेल तर सायकलही. दंडबैठकांपैकी दंड आणि पुलअप्स चालू ठेवू द्या.

अजून एक, हे तिथे गेल्यावरही लक्षात ठेवायला सांगा. जांघेत किंवा खुब्यात खोल दुखायला लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही. मांडीच्या हाडाच्या मानेला चीर गेली आणि ती सरकली, तर ऑपरेशन करावं लागतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. त्याला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. रेलिगेटवाल्या भागाला गप्प झाला, मग त्यानंच विचारलं की ती मुलं पास झाली का. बोट टेकवून पाहिलं, तर एकाच जागी दुखतंय. उद्याची वेळ घेतलीय. हवालदारसाहेब, डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली तर हजर व्हायच्या तारखेचं काय करायचं?

निवृत्त हवालदार:
ज्या भरती कार्यालयातून निवड झाली तिथे तो स्वतः आणि घरचं एक वडीलधारं माणूस, दोघं जा. डॉक्टरांची चिठ्ठी, एमआरआय झाला तर त्याचा रिपोर्ट, सगळ्याच्या प्रती आणि लेखी अर्ज न्या. पोच घ्या. नियम काय लागू होतो ते तेच सांगतील. तोंडी कुणी काही म्हणालं तर त्यावर विसंबू नका. आणि न कळवता तारीख चुकवू नका. उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, अर्जाचा मसुदा करून देतो.