नवऱ्याच्या बिडीचा धूर बायकोच्या अंगात किती गेला, हे मोजायचं कसं?

निशिगंधा: नमस्कार मंडळी, सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतेय. प्रोजेक्ट आहे बिडी ओढणाऱ्यांच्या घरातल्या, स्वतः न ओढणाऱ्या बायकांच्या हृदयावर. गाईड म्हणतात 'घरात कोणी ओढतं का' एवढं विचारलं की झालं. मला नाही पटत. लॅबमध्ये काय मोजू?

पिपेटवाला: अजिबात पटवून घेऊ नकोस! ब्रिटनमध्ये १९७८-८० ला घेतलेल्या पुरुषांच्या रक्तात कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनतं ते) मोजलं आणि २० वर्षं पाठपुरावा केला, २००४ ला बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. न ओढणाऱ्यांपैकी ज्यांचं कोटिनिन जास्त त्यांना हृदयविकाराचा धोका साधारण ५०-६० टक्के जास्त निघाला, आणि नुसतं 'बायको ओढते का' विचारून बघितलं तर फरक त्यामानाने किरकोळच दिसला, कारण धूर ऑफिसात, पबमध्ये सगळीकडेच होता. निकोटिन दोनेक तासांत निम्मं होतं, कोटिनिनला १६-२० तास लागतात, म्हणून तेच मोजतात. लाळ घेतलीस तरी चालेल, सुई नको म्हटल्यावर बायका तयार होतात. फक्त पातळी अगदी कमी असते, त्यामुळे एलसी-एमएस (अगदी सूक्ष्म प्रमाणही मोजणारं यंत्र) मिळालं तर सोडू नकोस.

माणदेशी: ताई, मशेरीचं विचारलंत का? आमच्याकडे सकाळी मशेरी लावणाऱ्या कितीतरी आज्या-काकू आहेत, त्यांचं कोटिनिन बिडी ओढणाऱ्याएवढं येईल आणि तुम्ही सगळा दोष नवऱ्याच्या धुराला द्याल. केस तपासले तरी तेच, तंबाखू तोंडातून गेली तरी निकोटिन केसात उतरतंच. आणि 'तंबाखू खाता का' असं विचारलं तर नाही म्हणतात, मशेरीला त्या तंबाखू धरतच नाहीत, तेव्हा नाव घेऊन विचारा. त्यांच्या घरी हवेतलं निकोटिन मोजा, सोडियम बायसल्फेट लावलेला फिल्टरचा बॅज आठवडाभर भिंतीला टांगायचा. पीएम २.५ (हवेतले बारीक कण) च्या मीटरवर भिस्त नको, चूल पेटली की आकडा वर.

पिपेटवाला: +१, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

निशिगंधा: बापरे, मशेरी आजच प्रश्नावलीत घालते. आणि हृदयाचं?

इकोताई: दंडाच्या धमनीची सोनोग्राफी. पट्टा पाच मिनिटं आवळून सोडायचा आणि धमनी किती फुलते ते बघायचं, धुरात राहणाऱ्यांची कमी फुलते. जपानमध्ये २००१ ला अर्ध्या तासाच्या धुराने धडधाकट माणसांच्या कोरोनरीची (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची) रक्तप्रवाह वाढवायची क्षमता घटलेली दिसलीय. उपाशीपोटी, चहा न घेता बोलवा आणि पाळीचा दिवस लिहून ठेवा, त्यानेही आकडा हलतो.