कोअर महागाईचा आकडा जुळत नाही, तातडीने मदत हवी

हातघाई: ग्राहक किंमत निर्देशांकावरून कोअर, म्हणजे अन्न आणि इंधन वगळून उरलेली महागाई काढतोय. एकूण महागाई दरातून अन्न आणि इंधन आपापल्या भारांकाने वजा केलं, उरलेल्या ४७.३० भाराने भागलं. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण अहवालातल्या आकड्याशी काही केल्या जुळत नाही. कधी ०.२ चा फरक, कधी टक्काभर. एक्सेल दोनदा तपासलंय. सूत्रात काय चुकतंय तेवढंच सांगा, उद्या द्यायचंय.

दशांश: वजा काय केलंत, निर्देशांक की दर? ग्रामीण, शहरी की एकत्रित? पायावर्ष (ज्या वर्षाचा निर्देशांक १०० धरतात ते) कुठलं?

हातघाई: दरच की, महागाई म्हणजे दरच ना! एकत्रित. २०१२.

दशांश: तिथेच पाणी मुरतंय. अन्नाचा ४५.८६ आणि इंधनाचा ६.८४ हे भारांक, म्हणजे शंभरातले वाटे, पायावर्षाच्या खर्चाचे आहेत, ते निर्देशांकाला लागतात, दराला नाही. समजा गेल्या वर्षी एकूण १९०, अन्न व पेये २००, इंधन व प्रकाश १८५; यंदा १९६, २१० आणि १८०. तुमच्या रीतीने २.२२ टक्के येतात. आता आधी निर्देशांक काढा: (१०० × १९० − ४५.८६ × २०० − ६.८४ × १८५) ÷ ४७.३० = १८१.०३. यंदाचा तसाच १८४.७४. वाढ २.०५ टक्के. अन्नाचा निर्देशांक एकूणपेक्षा वर चढला की त्याचा खरा वाटा ४५.८६ पेक्षा जास्त होतो, म्हणून ही तफावत.

पावशेर: हे कसलं कोअर? डाळ-भाजी वगळून कोण जगतं? ज्या घरात निम्मा पगार किराण्यात जातो तिथे हा आकडा नेऊन दाखवा.

मोजपट्टी: पावशेर, कोअर हे राहणीमानाचं माप नाहीच. टोमॅटो तीन महिन्यांत उतरतो, व्याजदराचा परिणाम दिसायला त्याहून बराच वेळ लागतो. आणि रिझर्व्ह बँकेचं ४ टक्क्यांचं लक्ष्य एकूण महागाईवरच आहे, कोअरवर नाही. उलट २०२३-२४ च्या आर्थिक सर्वेक्षणाने अन्न वगळून लक्ष्य ठेवण्याचा विचार करा असं सुचवलं, तेव्हा तुमचाच मुद्दा काढून टीका झाली होती.
हातघाई, मुळात ही व्याख्याच अर्धवट आहे. 'इंधन व प्रकाश' गटात वीज, गॅस, रॉकेल, सरपण. गाडीचं पेट्रोल (२.१९) आणि डिझेल (०.१५) वाहतुकीत, म्हणजे कोअरमध्येच बसतं. सोनं १.०८ आणि चांदी ०.११ पण कोअरमध्येच. ही चार काढा, मग बोला.

घाऊकवाला: एवढा खटाटोप कशाला? घाऊक निर्देशांकातली बिगर-अन्न उत्पादित वस्तू घ्या, तीच खरी कोअर.

मोजपट्टी: त्यात घरभाडं, शाळेची फी, डॉक्टर यातलं काही नाही. सेवाच नसतील तर ग्राहकाची कोअर कसली? आणि एकेक वस्तू वगळत बसायचं नसेल तर ग्राहक निर्देशांकातल्या २९९ वस्तूंचे निर्देशांक उतरवा, दरवाढीनुसार लावा आणि दोन्ही टोकांचा ठरावीक भार छाटून मधल्याची भारित सरासरी घ्या. क्लीव्हलंड फेड (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची प्रादेशिक बँक) दोन्हीकडून ८-८ टक्के छाटतं.

दशांश: उद्या द्यायचंय म्हणतोय तो, मोजपट्टी.

हातघाई: निर्देशांकाने केलं. बरेच महिने जुळले. पण जेव्हा भाज्या भडकल्या तेव्हा अजून टक्काभर चुकतंय.

दशांश: अन्नाचा रकाना कुठून घेतला?

हातघाई: ग्राहक अन्न किंमत निर्देशांक. अन्नच आहे की.

दशांश: अहो, त्याचा भार ३९.०६! त्यात तयार जेवण (५.५५) आणि पेये (१.२६) नसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकूण महागाई ६.२१ होती तेव्हा तो १०.८७ टक्के होता. 'अन्न व पेये' गट टक्काभर खाली होता. ४५.८६ ने गुणायचा तो हा गट.
त्यापेक्षा वजाबाकी सोडाच. पान-तंबाखू २.३८, कपडे व पादत्राणे ६.५३, घर १०.०७, इतर २८.३२, या चौघांची भारित सरासरी घ्या. छापील निर्देशांक एका दशांशापर्यंतच असतो. वजाबाकीत एकूणमधली ०.०५ ची चूक ÷ ४७.३० मुळे दुप्पट होते, बेरजेत तशी फुगत नाही.

नांदा_सौख्यभरे: यावरून जुलैचा महागाई भत्ता किती वाढेल?

मोजपट्टी: तो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो, पायावर्ष २०१६, कामगार ब्युरोचा. इथे काही संबंध नाही.

हातघाई: जुळलं. ०.०२ च्या आत. एप्रिल-मे २०२० चं काय करू?

दशांश: टाळेबंदीत भाव पुरेसे गोळा झाले नव्हते, ते आकडे अंदाजाने भरलेले आहेत. तळटीप द्या. २०२१ च्या त्याच महिन्यांनाही द्या, कारण तुलना त्यांच्याशीच होते.

मोजपट्टी: आणि ही मालिका पुढे ताणायची असेल तर सांभाळून. २०२४ पायावर्षाच्या नव्या मालिकेत गट बारा आहेत, वीज-गॅस घराच्या गटात गेलेत. ४७.३० तिथे चालणार नाही.