उताराच्या रानात ट्रॅक्टर कलंडायची भीती वाटतेय, मागची चाकं रुंद करू का? मदत हवी आहे

रताळीवाला:
नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं विचारायलोय. जांबोटीच्या बाजूला आमचं तीन एकर आहे, सगळं उताराचं, लाल माती, वर काजू आणि खाली रताळी. मागल्या वर्षी निपाणीकडनं 35 एचपीचा जुना ट्रॅक्टर आणला, तिकडं रान सपाट त्यामुळं आधीच्या मालकानं चाकं आत घेऊन ठेवलेली, मागच्या टायरच्या मध्यापासनं मध्यापर्यंत टेप लावली तर 52 इंच भरलं. टायर 12.4-28.
परवा काजूखालनं आडवा चाललो होतो तर वरचं चाक वारुळावर चढलं, खालचं मिरगाच्या पावसानं मऊ झालेल्या मातीत बसलं आणि मी सीटवरनं थेट मडगार्डवर. पाण्याची बाटली घरंगळत पार ओढ्यात गेली. ट्रॅक्टर कलंडला नाही, तसाच तिरका थांबला, पण पाय अजून लटलटतात. घरात सांगितलेलं नाही.
आता गावातला फिटर म्हणायलाय डिश, म्हणजे चाकाची मधली तबकडी, उलटी करून लावली की 60 होतंय, अर्ध्या दिवसाचं काम. शेजारचे काका म्हणतात रुंद केलास तर एक्सल जाईल बघ. खरं कुणाचं? पुढची चाकं पण सरकवायची का? आणि माझ्या सऱ्या दोन फुटाच्या आहेत, त्याचं काय?

चंदगडकर:
दादा, वाचलास बघ. फिटर बरोबर बोलतोय. डिश आणि रिम कशी उलटसुलट लावली की किती अंतर होतं त्याचं चित्र ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं, त्या मापात राहिलं तर एक्सलला काय होत नाही. काकांनी बघितलं असेल ते मधे लोखंडी तुकडे वेल्डिंग करून वाढवलेलं, ते मात्र मोडतं, तसलं करू नको.
टायरमधे पाणी भरलेलं असेल तर चाक काढायच्या आधी सोड. त्या साइजच्या टायरात शंभर लिटरच्या वर बसतं, चाक अंगावर आलं तर उचलणारं कोण नाही. सपाट जागा, पुढच्या चाकांना दगड, एका वेळी एकच बाजू, आणि जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरायचं नाही, जाड ओंडके लाव. चाक उलटं केलं की टायरची नक्षी पण उलटी होते, मग डावं उजवीकडं न्यायचं, बाण पुढंच पाहिजे. नट समोरासमोरचे आवळत जा, तासभर काम झालं की परत आवळ, पुढं चार दिवस रोज सकाळी बघ. आमच्या भावकीत एकानं हे केलं नाही, चाक ट्रॅक्टरच्या पुढं गेलं.
मोजायची सोपी रीत म्हणजे एका टायरची बाहेरची कड ते दुसऱ्याची आतली कड, मध्य शोधत बसायला नको.

टिळकवाडीचे मास्तर:
जरा गणित करून बघितलं. ट्रॅक्टरचं वजन जमिनीपासनं 30 इंचावर एकवटलंय असं धरा. 52 इंचाला कागदावर 41 अंशाला कलंडतो, 60 ला 45 अंशाला. म्हणजे आठ इंच वाढवून मिळाले चार अंश. आता तुमचं वारूळ 8 इंच उंच आणि खालचं चाक 4 इंच रुतलं असं समजा, फरक झाला 12 इंच, 52 वर ते 13 अंश होतात. चाकं रुंद कराच, पण वारूळ आधी खणा!

पाना नंबर 24:
मास्तर, कागदावरचे अंश पण मिळत नाहीत हो. पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलतो, त्यामुळं ट्रॅक्टर मागचं चाक आणि ती पिन यांच्यामधल्या तिरक्या रेषेवर कलंडतो. म्हणून पुढची चाकं रुंद करून फार आधार मिळत नाही, मागचीच कामाची. तरी सरीत चाकामागं चाक चालायला पुढची पण सारखी करावी लागतात, एक्सलचे बोल्ट काढून दोन्ही बाजू सारखीच भोकं सरकवा, आणि टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा दांडा, पण तेवढाच वाढवा नाहीतर स्टेअरिंग ओढतं.
सरीचं म्हणाल तर दोन फुटाला 48 लागतं, 60 केलं तर अडीच फुटाची सरी पाडा, चाकांमधे दोन सऱ्या बरोबर बसतात. आडवं जाणं सोडून उभं चाला, अवजार खाली, डावा-उजवा दोन्ही ब्रेक एकत्र जोडलेले, उतरताना न्यूट्रल अजिबात नाही. आणि टायरात पाणी ठेवाच, व्हॉल्व्ह वर घेऊन त्याच्या पातळीपर्यंत भरलं की पाऊण टायर भरतो, वजन खालीच राहतं. रोल बार, म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, बसवणार असाल तरच बेल्ट लावा, बारशिवाय बेल्ट म्हणजे ट्रॅक्टरखाली बांधून घेणं.

रताळीवाला:
सगळ्यांचे आभार. काल झालं काम, 60 भरलं. पाणी होतंच टायरात, बरं सांगितलंत, दोन्ही टायर सोडले तर अंगणात तळं झालं आणि मग घरात पण सगळं सांगावं लागलं. वारुळं पाच निघाली, कुदळीनं सपाट केली.
आता नवीनच भानगड, टायरची बाहेरची रुंदी 72 इंच झाली आणि रोटावेटर माझा पाच फुटी, दोन्ही बाजूला सहा-सहा इंच चाकाचा पट्टा तसाच घट्ट राहतोय. मागं एखादी काकरी (फाळांचं अवजार) जोडून कुणी मोडलाय का हा पट्टा?

चंदगडकर:
मी मोडतो की. काकरीचे कडेचे दोन फाळ चाकामागं सरकव आणि रोटावेटरच्या आधी एक फेरी मार. फोटो टाकतो संध्याकाळी, आत्ता ऊसात आहे.