घरातल्या धुळीतील थॅलेट त्वचेवाटे किती शोषले जातात? जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

आमच्या मुलाच्या खोलीत पीव्हीसीचे, म्हणजे बोलीत ज्याला विनाइल म्हणतात ते, जुने फ्लोअरिंग आहे. मूल सध्या रांगते; संध्याकाळी त्याचे तळहात आणि गुडघे ओल्या फडक्याने पुसले, की फडक्यावर राखाडी पट्टा उमटतो, मग सकाळी केर काढलेला असो वा नसो. ही धूळ तोंडात जाते हे उघड आहे. मात्र ती दिवसभर त्वचेला चिकटून राहिल्यामुळे तिच्यातील थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारी रसायने, त्वचेतून आत जातात का, आणि जात असल्यास त्याची कितपत काळजी करावी, याविषयी विचारायचे आहे.

मऊ पीव्हीसीमध्ये ही द्रव्ये कित्येकदा वजनाच्या २० ते ४० टक्के असतात. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसून नुसती मुरलेली असतात, त्यामुळे वर्षानुवर्षे थोडीथोडी बाहेर पडत राहतात आणि उष्णता वाढली की अधिक वेगाने पडतात, एवढे मला वाचनातून समजले आहे. गोंधळ पुढे होतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सहा पुरुषांना डीईपी आणि डीबीपी या दोन थॅलेटांची वाफ असलेल्या खोलीत सहा तास बसवले होते. डोक्यावर आवरण घालून श्वासासाठी स्वच्छ हवा दिली, तरीही ही रसायने त्यांच्या शरीरात शिरली, आणि त्वचेवाटे शिरलेले प्रमाण श्वासावाटे शिरणाऱ्या प्रमाणाच्या जवळपास होते. मग त्वचेच्या बाबतीत दोष धुळीचा मानावा की हवेचा?

त्यात २००४ सालचा स्वीडनमधील अभ्यासही वाचनात आला. मुलांच्या शयनगृहातील धुळीत बीबीपी हे थॅलेट अधिक असणे आणि इसब व नाकाची ॲलर्जी असणे, तसेच डीईएचपी हे दुसरे थॅलेट अधिक असणे आणि दमा असणे, यांच्यात संबंध आढळला होता. असा संबंध म्हणजे कारणाचा पुरावा नव्हे, हे मी जाणतो. पण घरात रांगते मूल असताना एवढा तटस्थपणा साधत नाही.

फ्लोअरिंग उखडून टाकावे, की धूळ आटोक्यात ठेवली तरी पुरे? मुलाच्या लघवीची तपासणी करून काही कळेल का?

प्रतिसाद १

आपण एकाच नावाखाली दोन निराळी प्रकरणे पाहत आहात. जुन्या विनाइलमध्ये बहुधा आढळणारे डीईएचपी हे जड रेणूचे रसायन आहे. ते हवेत फारसे राहत नाही, धुळीवर आणि पृष्ठभागांवर बसते, आणि त्वचेतून फार सावकाश शिरते. लहान मुलांच्या शरीरात ते प्रामुख्याने अन्नातून आणि तोंडात घातलेल्या हातांमधून जाते. डीईपी आणि डीबीपी तुलनेने हलकी असल्याने हवेत राहतात व तेथून थेट त्वचेवरील तेलकट थरात विरघळतात, म्हणजे मध्ये धूळ असण्याचीही गरज नसते. म्हणून जड रसायनांसाठी हात धुणे आणि हलक्यांसाठी खोलीत हवा खेळती ठेवणे, असा माझा सल्ला राहील. हात साबणानेच धुवावेत, कारण ही रसायने पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. कोरडा झाडू बारीक धूळ पुन्हा उडवतो. ओल्या फडक्याने पुसणे किंवा हेपा फिल्टरचा, म्हणजे बारीक धूळ अडवणाऱ्या गाळणीचा, व्हॅक्यूम क्लीनर वापरणे बरे.

कपड्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याच प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात धुतलेल्या कपड्यांनी त्वचेवाटे होणारे शोषण कमी केले, तर आधी त्याच हवेत ठेवलेल्या कपड्यांनी ते उघड्या त्वचेपेक्षाही वाढवले. मुलाचे कपडे त्या खोलीत उघड्यावर टांगून ठेवू नयेत.

लघवीच्या एका नमुन्यावर विसंबू नका. ही रसायने बहुतांशी एक-दोन दिवसांतच शरीराबाहेर पडतात, त्यामुळे तो आकडा आदल्या दिवसाचेच चित्र दाखवतो.

प्रतिसाद २

उखडण्याचा निर्णय ओलाव्यावर ठरवावा, असे मला वाटते. खालचे काँक्रीट दमट असेल, तर त्यातील अल्कलीमुळे डीईएचपीचे विघटन होऊन टू-एथिलहेक्झेनॉल हे उग्र वासाचे अल्कोहोल तयार होते. तसा वास येत असल्यास फ्लोअरिंग काढावेच. मात्र नव्यावर ‘थॅलेटविरहित’ असे लिहिले असले, तरी त्यात डीआयएनसीएच किंवा डीओटीपी यांसारखी प्लास्टिक मऊ करणारी पर्यायी रसायने असू शकतात. त्यांची सुरक्षिततेची माहिती डीईएचपीपेक्षा आश्वासक असली, तरी तीही प्लास्टिकला बांधलेली नसतात आणि धुळीत उतरतातच.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. कपड्यांचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. खोलीतली खुंटी आजच काढतो. खिडकीलगतच्या कोपऱ्यात फ्लोअरिंग सुटले आहे आणि तेथे गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो. खाली ओलावा आहे का, हे घरच्या घरी तपासता येईल का?

प्रतिसाद २

येईल. सुटलेला भाग उचलून काँक्रीट कोरड्या फडक्याने पुसा, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि किमान सोळा तास तसाच राहू द्या. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर ओलावा आहे असे समजावे. थेंब नसले म्हणून मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. दमट ऋतूत ही तपासणी पुन्हा करून पाहा. तोपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत खेळू द्यावे.