पाच महिन्यांच्या लॅबला नक्की काय आणि किती द्यायचं?

बी-३०२: नमस्कार मंडळी. आमच्या लॅबच्या (लॅब्रॅडॉर कुत्र्याच्या) पिल्लाला ५ महिने पूर्ण झाले, वजन १६ किलो. दुकानदाराने पपी फूडसोबत कॅल्शियमचं सिरप दिलंय, वर चिकन-भातही द्या म्हणाला. तिन्ही चालेल का? आणि किती द्यायचं?

ए-७०४ (डॉक्टर): सिरप अजिबात उघडू नका, परत करा. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही. पोटात जाईल त्याचा मोठा हिस्सा रक्तात उतरतो. मोठ्या जातीच्या पिल्लात मग कूर्चेचं हाड नीट तयार होत नाही, पाय वाकतात, खांदा-कोपर दुखून पिल्लू लंगडायला लागतं. आणि लंगडतंय म्हणून घरचे सिरप आणखी वाढवतात!

बी-३०२: बाप रे. मग नुसत्या पपी फूडने भागेल?

सी-१०१: भागेल, पण पिशवीची मागची बाजू वाचा. पुढचं चित्र आणि किंमत विसरा. एक, 'कम्प्लीट' लिहिलेलं हवं. 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणजे ते तोंडी लावण्यापुरतं. दोन, 'लार्ज ब्रीड पपी' हवं. लहान जातीच्या पपी फूडमध्ये कॅल्शियम जास्त असू शकतं. अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या संघटनेच्या निकषांत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कोरड्या (पाणी वजा केलेल्या) वजनाच्या १.२ ते १.८ टक्के कॅल्शियम सांगितलंय, इतर कुत्र्यांना २.५ पर्यंत चालतं. मागच्या बाजूचा फोटो टाका.

बी-३०२: फोटो नीट येत नाहीये, टाईप करते. प्रोटीन २८, फॅट १४, फायबर ४, ॲश ८, मॉइश्चर १०, कॅल्शियम १.२. कॅलरी कुठेच लिहिलेल्या नाहीत.

सी-१०१: कॅलरी काढता येतात. या सगळ्याची बेरीज ६४ (कॅल्शियम ॲशमध्येच, म्हणजे खनिजांत, धरलेलं असतं). १०० मधून वजा केलं की उरले ३६, ते कार्बोहायड्रेट. एका ग्रॅम प्रोटीनला किंवा कार्बोहायड्रेटला ३.५ कॅलरी आणि फॅटला ८.५ धरायच्या. आता २८ × ३.५, १४ × ८.५ आणि ३६ × ३.५. म्हणजे ९८ + ११९ + १२६ = ३४३ किलोकॅलरी (बोलताना नुसतं कॅलरी म्हणतो) १०० ग्रॅममध्ये.

पिल्लाची गरज फोनच्या कॅल्क्युलेटरवर निघते. वजन तीनदा गुणा, १६ × १६ × १६ = ४०९६. वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, येतात ८. त्याला ७० ने गुणलं की ५६०, ही नुसती बसून राहण्याची गरज. चार महिन्यांपुढच्या पिल्लाला त्याच्या दुप्पट, म्हणजे ११२०. त्याला ३.४३ ने (एका ग्रॅममधल्या कॅलरींनी) भागलं की दिवसाला सुमारे ३२५ ग्रॅम. तीन वेळा, दर वेळी ११० च्या आत. वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वाटी कधी शिगोशीग भरते, कधी सपाट.

ए-७०४ (डॉक्टर): हिशोब बरोबर. यातूनच त्याला रोज ३.९ ग्रॅम कॅल्शियम मिळतंय. ११२० कॅलरींना ३.४ ते ५ ग्रॅम योग्य. सिरपला जागाच नाही.

ए-२०३: पण डॉक्टर, घरचं ताजं चिकन-भात पोत्यातल्या खाण्यापेक्षा वाईट कसं?

ए-७०४ (डॉक्टर): काका, वाईट नाही, अपुरं आहे. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. भातातही तीच गत. रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर मग स्वतःच्या हाडांतून ते काढून घेतं. झिंक, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्वं कमी पडतात ती वेगळीच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये २०० घरगुती पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. प्रौढ कुत्र्याला घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घ्या. वाढत्या लॅबवर तो प्रयोग नको. आणि शिजवलेलं हाड कोणालाच नको, त्याचे टोकदार तुकडे पडतात.

ए-२०३: समजलं. आमचं पॉमेरियन ५ किलोचं, नसबंदी झालेलं. ते पोळी खातं फक्त.

सी-१०१: काका, त्याची दिवसाची गरज सगळी मिळून ३७५ कॅलरी (नसबंदी झालेल्या प्रौढाला दुपटीऐवजी १.६ पट). तूप न लावलेल्या एका घडीच्या पोळीतच जवळपास १०० जातात आणि प्रोटीन जेमतेम ३ ग्रॅम मिळतं. वरखाऊ धरून जादाचं सगळं दिवसाच्या १० टक्क्यांत बसवा, म्हणजे पोळीचा तिसरा हिस्सा. एकदम बंद केलीत तर उपाशी बसेल. पोळीचे बारीक तुकडे डॉग फूडमध्ये कालवून दोन आठवड्यांत कमी करत आणा. डॉग फूड कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवलं की वास सुटतो, मग खातात.

ए-७०४ (डॉक्टर): गणपती जवळ आलेत म्हणून सगळ्यांनाच सांगतो. तुपातले मोदक, करंज्या, तळण यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून उभं राहिलं आणि उलट्या सुरू झाल्या तर लगेच दवाखाना. पंचखाद्यातला बेदाणा, मनुका, द्राक्षं एकही नको. मूत्रपिंड निकामी होतं आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्याने ते विष जात नाही. म्हणून फोडणीची आमटी आणि रस्सा बंद.

बी-६०१: आमच्या घरात मांस-अंडं येत नाही. कुत्रा ४ वर्षांचा आहे, दही-भात खातो.

ए-७०४ (डॉक्टर): ताई, प्रौढ कुत्रा शाकाहारावर राहू शकतो, पण खाद्य 'कम्प्लीट' हवं. शाकाहारी ड्रायफूड मिळतं. दह्यात १०० ग्रॅमला ३-४ ग्रॅमच प्रोटीन, त्यामुळे दही-भातावर स्नायू उतरतात. दही चवीपुरतं चमचाभर ठेवा.

बी-६०१: ओल्या डॉग फूडच्या पाऊचवर प्रोटीन ८ टक्केच दिसतं, मग तो ड्रायफूडपेक्षा हलका ना?

सी-१०१: नाही हो, त्यात ८० टक्के पाणी असतं. पाणी काढून उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे ४० टक्के. ड्रायफूडचे २४ असतील तर ९० भागांत, म्हणजे २७. तुलना नेहमी पाणी वजा करून करायची.

पावसाळा आहे म्हणून आणखी एक. सुटं डॉग फूड घेऊ नका. त्याला बॅच नंबर नसतो आणि दमट हवेत मक्याला बुरशी धरते. ते विष यकृतावर जातं, उकळूनही निघत नाही. पिशवी डब्यात ओतू नका, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच घ्या. लॅबला १० किलोची महिनाभर पुरते.

बी-३०२: आमचं पिल्लू वाटी चाटूनपुसून पुन्हा ओट्यापाशी उभं राहतं. उपाशी राहत असेल का?

ए-७०४ (डॉक्टर): लॅबची भूक हे मोजमाप धरू नका. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये यांच्यात पीओएमसी जनुकातला बदल सापडला, जवळपास दर चार लॅबमागे एकात असतो. पोट भरल्याचा निरोपच मेंदूला नीट पोचत नाही. हाताने बघा. बरगड्यांवरून बोटं फिरवली की आपल्या हाताच्या पालथ्या पंजाची हाडं लागतात तशा लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर १० टक्के कमी करा, नजरेला दिसायला लागल्या तर तेवढंच वाढवा.

बी-३०२: आत्ता तो खातो ते पपी फूड दुसरं आहे. ही 'लार्ज ब्रीड'वाली पिशवी उद्यापासून सुरू करू?

सी-१०१: एकदम नको, जुलाब होतील. दोन दिवस पाव हिस्सा नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, सातव्या दिवशी पूर्ण. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे या. सहा महिन्यांनंतर दोन वेळा पुरे. प्रौढांचं खाद्य साधारण सव्वा वर्षाला.

बी-३०२: आणि वजन किती दिवसांनी करायचं? काट्यावर बसतच नाही तो.

ए-७०४ (डॉक्टर): दर १५ दिवसांनी. आधी तुम्ही एकट्या काट्यावर उभ्या राहा, मग त्याला उचलून. फरक तेवढं त्याचं वजन. नवीन आकडा घालून ग्रॅम पुन्हा काढा आणि मला पाठवा, मी बघून सांगतो.